नानम्माचा मग्गम आणि लिएजचा कोळसा

सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या घरात चुलीपाशी आणि मागापाशी तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. नानम्मा, म्हणजे माझी वडिलांकडची आजी, मागाला 'मग्गम' म्हणायची, सुताला 'नूलू'. शाळेत मात्र तेलुगू बोलताना सापडलं की बाई बाकावर उभं करायच्या. तिसरीत मी दोनदा उभी राहिले. पुढे नानम्मा तेलुगूत बोलायची आणि मी उत्तर मराठीत द्यायचे. तिला काय वाटत असेल, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

गेल्या वर्षी मुलगा शिकायला बेल्जियमला, लिएजला गेला. त्याच्या घरमालकीणबाई त्याच्याशी फ्रेंच बोलतात, पण शेजारच्या आजोबांशी वालून, ही तिथली जुनी भाषा. तेव्हापासून मला या भाषेनं धरून ठेवलंय.

वालूनला बिघडलेली फ्रेंच म्हणणारे आहेत. मला ते मुळीच पटत नाही. दोघी लॅटिनच्याच लेकी. जनावराला फ्रेंचमध्ये 'बेत', वालूनमध्ये 'ब्येस'. फ्रेंचनं उच्चारातून घालवलेला जुना 'स' हिनं सांभाळला. फ्रेंच माणूस 'मांजर काळं' या क्रमानं बोलतो, वालून माणूस 'न्वार चे', म्हणजे सरळ 'काळं मांजर'. शेजारच्या जर्मन वळणाच्या भाषांचा हा गुण. नानम्माचंही तेच, 'नल्ल पिल्ली'!

लिएजच्या आसपास कोळशाच्या खाणी होत्या. दगडी कोळशाचा 'उय' हा फ्रेंच शब्द तिथल्या वालूनमधून गेलेला, खाणीत पेट घेणाऱ्या वायूचा 'ग्रिझू'सुद्धा. खाणकामगारांचे शब्द फ्रेंच शब्दकोशात मानानं बसले आणि त्याच कामगारांच्या पोरांना वर्गात वालून बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची. १९१४ मध्ये बेल्जियमनं शिक्षण सक्तीचं केलं, शाळा फ्रेंचमधली. हे वाचलं आणि तिसरीतला तो बाक डोळ्यांसमोर आला.

प्रेम करणारी माणसंही होती. १८५६ मध्येच लिएजला वालून साहित्याची संस्था निघाली. १९०० च्या सुमारास ज्यूल फेलर यांनी लेखनपद्धती बसवली, १९३३ मध्ये झाँ ओस्त यांचा लिएजच्या बोलीचा कोश आला. सरकारनं प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता दिली ती १९९० मध्ये. तोवर आईबापांनी पोरांशी वालून बोलणं सोडत आणलं होतं. युनेस्कोच्या यादीत ती आज धोक्यातली भाषा आहे.

मीही माझ्या मुलाशी तेलुगू बोलले नाही.

दिवाळीनंतर एक वही केलीय, मागाच्या शब्दांची. एकेचाळीस झाले. धोट्याला नानम्मा काय म्हणायची ते काही केल्या आठवेना, म्हणून आत्याला फोन केला. तिलाही आठवेना. म्हणाली, "माग समोर दिसला की येईल गं तोंडात." आमचा माग तर केव्हाच मोडीत गेला. भवानी पेठेत तिच्या ओळखीच्या एका घरी अजून हातमाग आहे. रविवारी तिला रिक्षानं घेऊन जाणार आहे, वहीसकट.