बरं

२६ नोव्हेंबर, रात्री साडेदहा

"ताई, तुमचा परिच्छेद राहू द्या, लई उशीर झालाय."

"बरं," म्हणाले मी. एवढंच झालं. पण संध्याकाळपासून ते घशात अडकून बसलंय.

बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण, आजच्या संविधान दिनाच्या कार्यक्रमात एकेकानं एकेक परिच्छेद वाचायचा, असं ठरलं होतं. मला आला भक्तीचा. धर्मात भक्ती मोक्षाला नेत असेल, राजकारणात ती अधोगतीला आणि शेवटी हुकूमशाहीला नेते, तो. आठ दिवस भाकरी थापताना घोकला. त्यात डॅनियल ओ'कॉनेल या आयरिश देशभक्ताचं नाव येतं. जीभ वळेना. लेकरं हसून हसून बेजार.

मांडवात आधी सत्कार. शाल-श्रीफळं अकरा झाली. मी मोजली, दुसरं काय करणार! एका पाहुण्याला फेटा दोनदा बांधला, कारण पहिल्यांदा फोटो हलला. मग त्याच पाहुण्यांनी आकड्यांचा परिच्छेद वाचला. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ सभेत मांडल्या गेल्या, तो. आकडा चुकला, परत वाचला. तो नाही गळाला. व्यक्तिपूजेचा गळाला.

आपलं कमिटीत कुणी नाही, म्हणून असेल. आई असती तर... जाऊ दे.

पण खरं म्हणजे परिच्छेद गेल्याचं एवढं नाही. ते 'बरं' किती सफाईनं आलं तोंडातून! विचारायचं होतं, मग एक शाल कमी करा की. शब्द जिभेवर होते. पण निघालं 'बरं', वर हसूनसुद्धा. निजामाविरुद्ध लढलेल्या रामानंद तीर्थांनी मास्तरकी केली त्या अंबाजोगाईत, भर मांडवात.

आबांना सांगितलं. पानाला चुना लावत म्हणाले, "ते भाषण झालं तवा निजाम जाऊन चौदा महिने झालते. तवाच्या माणसाचं बरं म्हणणं समजू शकतो." पुढचं बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

म्हटलं, आता तुम्हीच ऐका. पर्समधली झेरॉक्स काढली. घडीवर पिठाचा अंगठा उमटलेला. उभी राहून वाचायला लागले. माणसानं अब्रू, बाईनं शील आणि देशानं स्वातंत्र्य गहाण टाकून कृतज्ञ राहू नये, इथपर्यंत आले. ओ'कॉनेल एका दमात निघालं! आणखी दोन ओळी होत्या, तेवढ्यात आबा म्हणाले, "आता बातम्या लाव गं."

"बरं," म्हणाले मी.

आणि मग दोघांनाही हसू आवरेना. आबांचं पान सांडलं धोतरावर. ते डाग काही निघायचे नाहीत आता.