दरपत्रकाची खरी प्रत कोणती?

सोलापुरी शेंगाचटणीची चव घरोघरी वेगळी, आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही. टॉवेलच्या दरपत्रकाचं तसं चालत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या ऑफिसची कल्पना करा: एक प्रत मॅनेजरच्या लॅपटॉपवर, एक डिस्पॅचच्या पेनड्राइव्हवर, एक मालकांच्या व्हॉट्सॲपवर, आणि तिन्हींच्या नावात 'फायनल'!

यावरचा उपाय जुना आहे. फाइल वेब सर्व्हरवर एकाच पत्त्यावर ठेवायची, सगळ्यांनी तिथेच उघडायची आणि तिथेच सेव्ह करायची. त्यासाठीचा वेबडॅव प्रोटोकॉल १९९९ पासून आहे. स्वतःच्या सर्व्हरवर फाइली ठेवायचा नेक्स्टक्लाउड हा प्रोग्रामही तोच वापरतो. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या फाइल मेनूत 'सेव्ह रिमोट' दिसेल. नवी सर्व्हिस जोडताना प्रकार वेबडॅव निवडा, सर्व्हरचं नाव आणि फोल्डरचा मार्ग भरा, सुरक्षित जोडणीवर टिक करा, पोर्ट ४४३. टिक करायची राहून गेली तर पासवर्ड जवळपास उघडाच प्रवास करतो.

खरी गोम लॉकमध्ये आहे. एकाने फाइल उघडली की सर्व्हर ती लॉक करतो आणि दुसऱ्याला फक्त वाचायला देतो. लॉक नसेल, तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचंच राहतं, आधीच्याची मेहनत मुकाट पुसली जाते. पण उघड्या फाइलवर वीज गेली, की माणसाची जोडणी तुटते आणि लॉक मागे राहतं. मग दुसऱ्याला '४२३' (फाइल लॉक आहे) ही एरर येते, तो वैतागून फाइल नव्या नावाने सेव्ह करतो आणि 'फायनल २' जन्माला येते. लॉकला सहसा मुदत असते, ती संपू द्यावी. नाहीच सुटलं तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला सांगावं. डेस्कटॉपला यूपीएस हवाच.

बिल सेव्ह होतं, पण जॅकार्ड डिझाइनच्या फोटोंनी फुगलेला कॅटलॉग होत नाही, तेव्हा बिचाऱ्या इंटरनेटला शिव्या पडतात. सर्व्हरच्या पुढे एनजिनएक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर असेल तर त्याची मूळ मर्यादा १ एमबी असते आणि '४१३' (फाइल फार मोठी) ही एरर येते. विंडोजमधून वेबडॅव फोल्डर उघडणारा वेबक्लायंट ५ कोटी बाइट्सवर अडतो. दोन्ही मर्यादा वाढवता येतात. फोटो आधी लहान करणं त्याहून शहाणपणाचं.

फाइलचं नाव मराठीत खुशाल ठेवा, पण आटोपशीर. 'सोलापूर' या नावात काना-मात्रा धरून ७ चिन्हं, म्हणजे प्रत्येकी ३ प्रमाणे २१ बाइट्स, आणि लिंकमध्ये दर बाइटची तीन अक्षरं होऊन तीच ६३ अक्षरं होतात. लिनक्सवर नावाला साधारणपणे २५५ बाइट्सच मिळतात, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं.

मजकूर मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या मशीनना कळणाऱ्या अक्षर-संकेतातच, हवा. जुन्या फॉन्टमधलं दरपत्रक तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर अगम्य चिन्हांचं दिसतं, त्यात सर्व्हरचा दोष नसतो. आणि व्यापाऱ्याला पाठवायची ती पीडीएफची लिंक. मूळ फाइलची लिंक, तीही बदल करण्याच्या परवानगीसकट पाठवली, तर दर कोण ठरवणार ते सांगायला नको.