हृदयाची आकृती काढा व भागांना नावे द्या

हा प्रश्न आला नाही अशी जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका आपल्या शाळेत कुणी सोडवली असेल असं वाटत नाही. बदामी आकार, चार कप्पे (वरची दोन अलिंदं, खालची दोन निलयं), एक बाजू निळी, दुसरी लाल, मध्ये बाणांची दाटी आणि कडेला पट्टीने ओढलेल्या रेघांवर नावं. स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं गेलं तेव्हा विचार केला, सहली आणि स्नेहसंमेलनं बाकीचे लिहितीलच. आपण त्या आकृतीचं राहिलेलं काम करावं.

आकृती चुकीची नाही, सपाट आहे. पण त्या सपाटपणापायी वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला आलेली हुशार मुलंही हातात खरं हृदय आलं की ते चार वेळा फिरवतात आणि विचारतात, ‘सर, यात उजवी बाजू कोणती?’

छातीत हृदय आकृतीसारखं समोर तोंड करून उभं नसतं. ते तिरकं पडलेलं आणि डावीकडे वळलेलं असतं. त्यामुळे छातीच्या मधल्या हाडामागे, म्हणजे समोरच्या बाजूला, येतं ते मुख्यतः उजवं निलय. डावं निलय डाव्या कडेला आणि मागे असतं. डावं अलिंद तर पार पाठीकडे, अन्ननलिकेला टेकून. म्हणूनच डाव्या अलिंदात रक्ताची गुठळी आहे का हे नीट बघायचं असेल तर इकोची (ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र दाखवणाऱ्या तपासणीची) नळी घशातून अन्ननलिकेत उतरवतात. छातीवरून तो कोपरा इतका स्पष्ट दिसत नाही. समोरून घुसलेल्या सुरीने बहुधा उजवं निलय जखमी होतं, तेही याच मांडणीमुळे. हृदयाचं टोक डावीकडच्या पाचव्या आणि सहाव्या फासळीमधल्या फटीत, मध्यरेषेपासून साधारण ९ सेंमीवर सापडतं. ‘हृदय डावीकडे असतं’ हे दोन तृतीयांशच खरं आहे. उरलेला एक तृतीयांश भाग मध्यरेषेच्या उजवीकडे असतो. मोठ्या माणसात सगळ्याचं मिळून वजन २५० ते ३५० ग्रॅम.

डाव्या निलयाची भिंत जाड काढायची, नाहीतर गुण कापले जातात, हे आपल्या सगळ्यांच्या पक्कं लक्षात आहे. उजव्याची भिंत ३ ते ५ मिमी, डाव्याची साधारण १० मिमी. यावरून डावी बाजू जास्त रक्त ढकलते असा समज होतो आणि तो सहजासहजी जात नाही. दोन्ही बाजू सारखंच रक्त ढकलतात: विश्रांतीत दर ठोक्याला सुमारे ७० मिली, मिनिटाला ५ लिटरच्या आसपास. फरक दाबाचा आहे. फुप्फुसांच्या वाहिन्या रुंद आणि सैल असल्याने उजव्या निलयाला २५ मिमी पाऱ्याचा दाब पुरतो. डाव्याला सगळ्या शरीराच्या वाहिन्यांचा अडथळा पार करायला १२० मिमी लागतो.

दोन्हीकडचं प्रमाण सारखं नसतं तर काय झालं असतं, याचा हिशेब वर्गात जरूर घालावा. समजा, उजव्या बाजूने दर ठोक्याला डावीपेक्षा फक्त १ मिली जास्त रक्त ढकललं. मिनिटाला ७० ठोके धरले तर दहा मिनिटांत फुप्फुसांत ७०० मिली रक्त जादा साठेल. एरवी दोन्ही फुप्फुसांच्या वाहिन्यांत मिळून सुमारे अर्धा लिटरच रक्त असतं. म्हणजे माणूस मधल्या सुट्टीच्या आतच धापा टाकू लागेल. असं होत नाही, कारण हृदयाचा स्नायू भरताना जितका जास्त ताणला जातो तितक्या जोराने आकुंचन पावतो. एका बाजूकडून जादा आलेलं रक्त दुसरी बाजू पुढच्या काही ठोक्यांतच पुढे घालवते. फ्रँक आणि स्टार्लिंग यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. एवढी महत्त्वाची गोष्ट आपल्या आकृतीत एका बाणानेही दाखवलेली नसते.

आता झडपा. आकृतीत त्या दारांसारख्या काढतात, आणि दार म्हटलं की ते कुणीतरी उघडत असणार असं वाटतं. झडपांना स्वतःची हालचाल नाही. मागचा दाब पुढच्यापेक्षा जास्त झाला की त्या उघडतात, उलट झालं की मिटतात. हे कळलं की पाठांतराची गरजच उरत नाही.

एक ठोका सावकाश बघू. मिनिटाला ७५ ठोके असतील तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. अलिंदांचं आकुंचन ०.१ सेकंद. ‘अलिंद आकुंचन पावतं आणि रक्त निलयात जातं’ हे वाक्य आपण सगळ्यांनी लिहिलं आहे, पण त्याआधीच निलय जवळजवळ तीन चतुर्थांश भरलेलं असतं. अलिंद शेवटची भर घालतं. म्हणून अलिंदं नुसती थरथरू लागली तरी माणूस चालता-बोलता राहतो. अर्थात निलयाची भिंत ताठर झालेली असेल तर ही शेवटची भरच महत्त्वाची ठरते आणि ती गेली की दम लागतो. शिवाय थरथरणाऱ्या डाव्या अलिंदाच्या कानासारख्या टोकात रक्त साचून गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. धोका तिथे आहे.

मग निलयाचं आकुंचन सुरू होतं. आतला दाब अलिंदापेक्षा जास्त होताच अलिंद आणि निलय यांच्यामधल्या द्विदली (डावीकडची) आणि त्रिदली (उजवीकडची) झडपा मिटतात, तो ‘लब’ हा आवाज. या क्षणी डाव्या निलयाला बाहेर जायला एकही वाट उघडी नसते. महाधमनीत, म्हणजे डाव्या निलयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीत, ८० मिमी दाब आहे आणि निलयात अजून दहाच्या आसपास. सुमारे ०.०५ सेकंद सगळ्या झडपा बंद, आत साधारण १२० मिली रक्त, थेंबही हलत नाही, फक्त दाब चढतो. ८० ओलांडला की महाधमनीची झडप उघडते आणि रक्त बाहेर पडतं. स्नायूंचे थर वेगवेगळ्या दिशांनी तिरके गुंडाळलेले असल्यामुळे निलय नुसतं आवळत नाही. ओलं कापड पिळावं तसं ते स्वतःभोवती पिळलं जातं. ७० मिली जातं, ५० मिली आत उरतं. हृदय पूर्ण रिकामं कधीच होत नाही. इकोच्या अहवालात लिहिलेला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणजे हेच गुणोत्तर: १२० पैकी ७०, म्हणजे सुमारे ५८ टक्के. हा आकडा १०० का नाही म्हणून घाबरणारी सुशिक्षित माणसंही असतात. ५५ च्या पुढे असेल तर बरं चाललं आहे असं समजावं.

निलय सैल पडलं की दाब महाधमनीपेक्षा खाली येतो आणि निलयांच्या बाहेरच्या तोंडांशी असलेल्या अर्धचंद्राकृती झडपा मिटतात, तो ‘डब’. स्टेथोस्कोप डाव्या बाजूच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फासळीमधल्या फटीवर, छातीच्या हाडाच्या कडेला ठेवा आणि ज्याला तपासता त्याला खोल श्वास घ्यायला सांगा. लहान मुलांत हा ‘डब’ श्वास घेताना दुभंगतो, सोडताना पुन्हा एक होतो. श्वास घेताना छातीतला दाब कमी होऊन उजवीकडे जादा रक्त येतं, ते बाहेर घालवायला उजव्या निलयाला किंचित जास्त वेळ लागतो, म्हणून फुप्फुसधमनीची झडप जरा मागून मिटते. श्वास सोडतानाही आवाज दुभंगलेलाच राहिला, तर दोन अलिंदांमधल्या पडद्यात भोक आहे का, हे बघायला हवं.

द्विदली आणि त्रिदली झडपांच्या कडांना पांढऱ्या दोऱ्या असतात. त्या निलयातल्या सुळक्यांसारख्या स्नायूंना जोडलेल्या असतात. आकृतीत त्या घाईत काढल्या जातात आणि ‘झडप ओढून उघडण्यासाठी’ असं काहीतरी सांगितलं जातं. काम नेमकं उलट आहे. निलय आवळतं तेव्हा मिटलेली झडप मागे अलिंदात उलटू नये म्हणून त्या ती धरून ठेवतात. डाव्या निलयात असे स्नायू दोन. त्यांपैकी मागच्याला सहसा एकाच धमनीचं रक्त मिळतं, पुढच्याला दोन धमन्यांचं. म्हणून हृदयविकाराच्या झटक्यात मागचा स्नायू तुटण्याचा संभव जास्त. तो तुटला तर रक्त उलटं डाव्या अलिंदात, तिथून फुप्फुसांत, आणि काही तासांत जीव कासावीस. ही शस्त्रक्रियेचीच वेळ.

विजेबद्दल थोडक्यात. शरीराच्या वरच्या भागातून रक्त आणणाऱ्या ऊर्ध्व महाशिरेच्या तोंडाशी, उजव्या अलिंदाच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. ठोका तिथून निघतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये तो दाखवून दिला. फ्लॅक तेव्हा विद्यार्थी होता, हे मुलांना मुद्दाम सांगावं. अलिंद आणि निलय यांच्यामध्ये तंतूंचं कडं आहे. त्यातून वीज जात नाही. एकच वाट उघडी, ती दुसऱ्या पुंजक्यातून, आणि तिथे संदेश सुमारे ०.१ सेकंद अडतो. हा उशीर झाला नाही तर अलिंद आणि निलय एकदमच आवळतील आणि ती शेवटची भर पडणारच नाही. वाट पूर्ण बंद पडली तर खालच्या पेशी स्वतःचा ठोका सुरू करतात, पण मिनिटाला २० ते ४० च. त्यावर माणसाला घेरी येते, मग पेसमेकर. मज्जातंतू फक्त वेग बदलतात, ठोका देत नाहीत. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाला सुरुवातीला मज्जातंतूच नसतात. ते आपलं ९० ते ११० च्या वेगाने चालत राहतं.

आकृतीत सगळ्यात जास्त अन्याय झाला आहे तो हृद्धमन्यांवर. कप्प्यांतून दिवसरात्र रक्त वाहतं, पण आतून भिंतीचा अगदी पातळ थरच त्यावर जगू शकतो. बाकी स्नायूला रक्त बाहेरून येतं. महाधमनीच्या बुडाशी, झडपेच्या पाकळ्यांच्या जरा वर, दोन लहान तोंडं असतात: एक डाव्या हृद्धमनीचं, एक उजव्या. विश्रांतीत मिनिटाला साधारण २५० मिली रक्त या वाटेने जातं.

गंमत अशी की डावं निलय आवळताना आपल्याच भिंतीतल्या वाहिन्या दाबून टाकतं. त्यामुळे त्याचं पोषण मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या सैल काळात होतं. ठोके ७५ वरून १५० वर गेले की आवळण्याचा काळ थोडाच कमी होतो, सैल काळ मात्र निम्म्याहून कमी उरतो. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी जेवायला सवड मिळत नाही. दुसरी अडचण अशी की शरीरातले बाकीचे अवयव विश्रांतीत रक्तातला सरासरी पाव हिस्सा प्राणवायू घेतात, तर हृदय आधीच ७० टक्क्यांवर काढून घेतं. जास्त हवा असेल तर जास्त रक्तच आणावं लागतं. धमनी अरुंद झालेल्या माणसाला बसल्या जागी काही होत नाही आणि जिना चढताना छातीत दाटून येतं, याचं कारण हे दोन आकडे. रक्त कमी पडलं की, कप्प्यातल्या रक्तावर जगणारा तो पातळ थर सोडला तर, सगळ्यात आधी मरतो तो स्नायूचा सर्वांत आतला थर, कारण दाब तिथेच सर्वाधिक असतो.

आता प्रयोगशाळेसाठी. बकऱ्याचं किंवा मेंढ्याचं हृदय आणताना महाधमनी, शिरा आणि अलिंदं शाबूत ठेवून मागावं. विकणारे ती बहुतेक वेळा छाटून देतात, आणि मग झडपा दिसल्या तरी वाटा कळत नाहीत. हातमोजे घालून थंड पाण्यात धुवावं. पुढच्या पृष्ठभागावर तिरकी गेलेली चरबीची खाच शोधावी: तिच्याखाली डाव्या हृद्धमनीची पुढची शाखा असते आणि तीच दोन निलयांमधली सीमा. बोटांनी चिमटून बघावं. घट्ट लागते ती डावी बाजू, मऊ लागते ती उजवी. टोक डाव्या निलयाचं.

कापण्याआधी पाण्याचा प्रयोग करावा. फुप्फुसधमनीच्या तोंडात पाणी ओतलं की तीन पाकळ्या फुगून मिटतात आणि पाणी वरच राहतं. महाधमनीत ओतलं तर तिथेही झडप मिटते, पण पातळी हळूहळू उतरते. ते पाणी हृद्धमन्यांत जातं. झडप गळते असं समजून हृदय बाजूला टाकू नये.

मग ऊर्ध्व महाशिरेतून बोथट टोकाची कात्री घालून उजवं अलिंद आणि निलय बाहेरच्या कडेने उघडावं. डावी बाजू अलिंदापासून टोकापर्यंत, तीही बाहेरच्या कडेने. खाचेवरून कापू नये, नाहीतर मधला पडदा चिरतो. दोऱ्यांमध्ये रक्ताच्या गुठळ्या चिकटलेल्या असतात. त्या ओढून काढल्या की दोऱ्या तुटतात; पाण्याच्या बारीक धारेने सोडवाव्यात. दोरी चिमट्यात धरून खेचून बघावी, तिची ताकद तेव्हा कळते. दोन अलिंदांमधला पडदा उजेडासमोर धरला की एक पातळ ठिकाण दिसतं. गर्भात तिथून रक्त डावीकडे जात असे, आणि माणसांत चौघांपैकी साधारण एकाची ही वाट मोठेपणीही पूर्ण बुजलेली नसते. शेवटी महाधमनी उभी चिरून पाकळ्यांच्या वरची दोन तोंडं शोधावीत आणि त्यांत बारीक सळी सरकवावी.

एक सूचना जर्नल तपासणाऱ्या शिक्षकांना. माणसात महाधमनीच्या कमानीतून तीन फांद्या निघतात, बकऱ्यात आणि मेंढ्यात एकच, जाडजूड. ती पुढे जाऊन विभागते. प्रयोगाच्या वहीत तीन फांद्या सुबक काढलेल्या दिसल्या, तर हृदय समोर ठेवून आकृती पुस्तकातून उतरवली आहे असं खुशाल समजावं.