समुद्र दोनशे वेळा, खेकडा एकदाच

"मामा, ह्या सगळ्या फोटोत समुद्र एकच हाय की!"

वडगावच्या घरी, चहा उकळायच्या आत भाचीनं माझे दोनशे फोटो अंगठ्यानं सरकवून संपवले. आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला गेलो, पहाटे पाचला उठलो, आणि निकाल हा! वर आभाळ, खाली पाणी, मधोमध क्षितिजाची रेघ. पुढ्यात ना होडी, ना खडक, ना ओल्या वाळूत उतरलेले ढग. नजर टेकायची कुठं?

एका फोटोवर मात्र ती थांबली. "हे काय? राजगिरा सांडलाय काय?"

ओहोटीच्या वेळचा तो. इवल्याशा खेकड्याचं बीळ आणि भोवती रांगोळीसारख्या पसरत गेलेल्या वाळूच्या गोळ्या. वाळू तोंडात घ्यायची, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढायचं, उरलेल्याची गोळी करून बाजूला टाकायची. भरती आली की सगळं साफ. ऊन तिरपं होतं, म्हणून एकेका गोळीला सावली मिळाली. डोक्यावरच्या उन्हात नुसती सपाट वाळू आली असती.

खरं सांगतो, चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी खाली बसलो होतो.

आम्हा घाटावरच्यांना समुद्र वर्षातून एकदा भेटतो, म्हणून अख्खाच घरी आणायची घाई. हिडकल धरणाच्या काठाला गेलो की मात्र सुकल्या चिखलाच्या भेगासुद्धा निवांत टिपतो.

"खेकड्याचे अजून नाहीत काय?" भाचीनं विचारलं.

नव्हते. तुमच्या मोबाईलमध्ये आहेत का असले, वाकून काढलेले?