क्रूझवरून कोकण दिसत नाही

मुंबई-गोवा क्रूझच्या जाहिरातीतलं जहाज कायम भर उन्हात, निळ्याशार पाण्यात असतं. माझा सगळा राग त्या फोटोवर आहे. 'समुद्रातून कोकण बघू' म्हणून लोक पैसे भरतात आणि जहाज निघतं बहुतेक वेळा संध्याकाळी. मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, रत्नागिरी, सगळं अंधारात मागे पडतं. त्यात मोठं जहाज उथळ पाणी नि मच्छीमारांची जाळी टाळत खोल समुद्रातून जातं. तीस मीटर उंच डेकवरून क्षितिजच जेमतेम वीस किलोमीटरवर. रात्री दिसलंच तर एखाद्या दीपगृहाची उघडझाप आणि मच्छीमार नौकांचे दिवे.

तेव्हा आधी हे ठरवा, की आराम हवाय की कोकण?

आराम हवा असेल तर क्रूझ झकास. जेवण, पोहण्याचा तलाव, रात्रीचे कार्यक्रम. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एका छताखाली, आणि घाटातली वळणं नाहीत. केबिन मात्र डोळसपणे घ्या. लाटांवर जहाज सी-सॉसारखं पुढे-मागे उसळतं. मधोमध आणि खालच्या मजल्यावर हालचाल सर्वांत कमी. वरच्या मजल्यावर अगदी पुढची केबिन घेतलीत, तर जादा पैसे मोजून मळमळ विकत घेतलीत. जहाजाच्या दोन्ही अंगांचे स्टॅबिलायझर (पाण्याखालचे पंख) डावं-उजवं डोलणं कमी करतात, हे उसळणं नाही. शिवाय वेग मंदावला की त्यांचा जोरही ओसरतो, आणि मुंबई-गोवा अंतर थोडं असल्याने जहाज रमतगमतच जातं. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून अर्धा-एक तास आधी घ्या. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. आणि गोळीवर दारू नको.

बाल्कनीचा हट्टच असेल तर जाताना किनारा डाव्या हाताला, सूर्यास्त उजव्या. येताना उलट. जाहिरातीतल्या भाड्यात बंदर शुल्क, जीएसटी, टिप धरलेत का, ते लेखी विचारा. फोन फ्लाइट मोडवर टाका. किनाऱ्याची रेंज गेली की तो जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो, आणि बिल घरी आल्यावर कळतं. महिना डिसेंबर-जानेवारीचा बघा.

कोकणच बघायचं असेल तर मी जंगलजेट्टी सांगेन, म्हणजे माणसांसकट गाड्याही खाडीपार नेणारी फेरीबोट. भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोटीने गाडीसकट तासाभरात मांडवा. (गेटवेहून लाँचने जाणार असाल तर सकाळची पकडा, दुपारनंतर वारा उठतो आणि लाँच हेलकावते.) पुढे आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, जयगड खाडीवर तवसाळ-जयगड. प्रत्येक खाडीला पाच-पंधरा मिनिटं, पण ती भर उजेडात आणि पाण्याच्या अगदी जवळून. बोटीची फळी धक्क्यावर खडखडत पडते, आधी दुचाक्या सुसाट सुटतात, मग माणूस हात हलवत एकेक गाडी इंचाइंचाने आत घेतो. काही ठिकाणी रिव्हर्सने चढावं लागतं. गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा आणि खाली उतरा. काचा लावून एसीत बसणाऱ्यांचं मला कोडंच आहे. ओहोटीला फळीचा उतार तीव्र होतो, खाली बसणाऱ्या गाडीचा बंपर तिथेच घासतो. मे महिन्यात आणि गणपतीत रांग लांबते. पहिली नाहीतर दुसरी फेरी गाठा, आणि शेवटच्या फेरीची वेळ जेट्टीवरच विचारून घ्या. ती चुकली तर पूर्ण खाडीला वळसा आहे.