चौदा आणे

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणजे कोणी एक नाही. गणपतीत घरी येणारे चाकरमानी विचारतात, नोकरी सोडायच्या विचारात असलेल्या मुली मेसेज करून विचारतात, परवा तर बँकेतल्या मॅडमनीपण विचारलं. प्रश्न साधारण असा असतो, की डोक्यावर साहेब नाही, घर देवगडात, दहा मिनिटांवर समुद्र, मग काम होतं कसं? आळस नाही येत? फोन, टीव्ही, पाहुणे यातून लक्ष लागतं कसं?

आधी खरं सांगते, बरेच दिवस लागत नव्हतं. 2017 साली मुंबईतली एजन्सीची नोकरी सोडून सासरी आले आणि घरातूनच डिझाइनचं काम सुरू केलं, म्हणजे आंब्याच्या पेटीची लेबलं, होमस्टेचे बोर्ड, लग्नपत्रिका, कोकम सरबताच्या बाटलीची स्टिकरं, असं काय काय. पहिली दोन-तीन वर्षं मला वाटायचं की माझा शत्रू म्हणजे फोन. मग फोन तांदळाच्या डब्यात ठेवून बघितला, ॲप उडवून बघितली, पहाटे पाचला उठून बघितलं (पहाटे पाचला उठून मी फक्त पहाटे पाचपासून टंगळमंगळ करू शकते एवढंच सिद्ध झालं). ते पोमोदोरोपण केलं, म्हणजे टायमर लावून पंचवीस मिनिटं काम आणि मग थोडी सुट्टी, फ्रांचेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर ते बसवलं होतं. आमच्याकडे टायमर वाजला की आतून सासूबाई विचारायच्या, "कुकराची शिटी अशी कशी गो वाजता?" चार दिवसांत बंद केलं.

मग झाला तो लेबलांचा घोळ.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. एका बागायतदारांना दोनशे पेट्यांसाठी लेबल हवं होतं. डिझाइन तसं दोन दिवसांत तयार होतं, पण मी ते पाठवेना. आंब्याच्या शेजारी एक पान होतं, त्याचा हिरवा मी सात वेळा बदलला. सात म्हणजे सातच, फायली आहेत अजून, फायनल, फायनल-नवीन, फायनल-खरंच. मग पानाच्या शिरा काढत बसले. एका शिरेचा बाक पटेना म्हणून कलमाखाली जाऊन खरं पान तोडून आणलं आणि स्क्रीनला लावून बघितलं. त्यात एक संध्याकाळ गेली, आणि ती संध्याकाळ मला फार मेहनतीची वाटली होती, हे विशेष. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, "ताई, पेट्यो भरून झाल्यो. टेम्पो रातीक सुटता. तुमचा लेबल ऱ्हवांदे, कोऱ्योच धाडतंय." मी म्हटलं, अहो लाईट नव्हती ना. लाईट खरंच गेली होती. चाळीस मिनिटं.

दोनशे पेट्या कोऱ्याच वाशी मार्केटला गेल्या. ते काही बोलले नाहीत, उलट पुढच्या आठवड्यात घरी एक पेटी पाठवली, त्याने जास्त लागलं.

माझ्या लक्षात आलं की मला आळस नव्हता. आळशी माणूस पानाच्या शिरा काढत नाही. मग मी एक वही केली. लक्ष कशाने विचलित झालं ते लिहायचंच नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी फोन किंवा सिलेंडर असंच येतं. फक्त एवढंच लिहायचं की खुर्चीतून उठले किती वाजता आणि उठायच्या आधीच्या क्षणी काय करत होते. नऊ दिवस लिहिलं, त्रेसष्ट वेळा उठले होते. त्यातली बावीस घरची खरी कामं होती. दहा असंतसं, पाणी, बाथरूम, मांजर. उरलेली एकतीस बघून मात्र मी जरा वेळ गप्पच बसले, कारण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच गोष्ट होती. "मेल पाठवणार होते." "रेट सांगायचा होता." "बिल काढत होते." "ड्राफ्ट व्हॉट्सॲप करणार होते." म्हणजे काम चालू असताना मी दोन-दोन तास हलत नव्हते. ते दुसऱ्याच्या नजरेखाली जायची वेळ आली की मला तहान लागायची.

नंतर कळलं की याला सेल्फ-हँडिकॅपिंग असं नाव आहे, म्हणजे अपयशाची सबब आधीच तयार ठेवणं, आणि त्यावर जुना अभ्यासपण आहे. 1978 साली अमेरिकेत स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना कोडी दिली. काहींना सुटणारी, काहींना न सुटणारी, आणि सगळ्यांना सांगितलं की वा, छान केलंत. मग म्हणाले आता दुसरी टेस्ट आहे, त्याआधी दोनपैकी एक गोळी निवडा, एकीने डोकं जास्त चालतं, दुसरीने कमी. ज्यांना न सुटणारी कोडी दिली होती, म्हणजे आपण कशामुळे पास झालो हेच ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यातल्या मुलग्यांनी डोकं मंद करणारी गोळी जास्त घेतली. का, तर पुढच्या वेळी नापास झालो तर गोळीवर ढकलता येतं. आपण नालायक ठरत नाही. मला हे वाचून माझी चाळीस मिनिटांची लाईट आठवली. ही गोळी कोकणात फुकट मिळते हो! लाईट गेली, नेट गेलं, पाऊस लागला, पाहुणे आले, शिमगा आला, गणपती आले, पालखी आली. बारा महिने स्टॉक आहे आणि यातलं काहीच खोटं नसतं, म्हणूनच ते इतकं उपयोगी पडतं.

एक मात्र मध्येच सांगते, विशेषतः बायकांना. त्या बावीस वेळांना स्वतःचा दोष म्हणू नका. आमचं घर जुनं, मी पडवीत टेबल टाकून बसायचे, छान वारा वगैरे. पण कोकणात पडवीत बसलेलं माणूस म्हणजे मोकळं माणूस. समोर लॅपटॉप असो की अजून काही. शेजारच्या काकी खळ्यातूनच सांगायच्या, "गो, तू घराकच असतंस मा? मगे सिलेंडरवालो इलो तर घेवन ठेव." यावर मनाचा निग्रह वगैरे चालत नाही, टेबल हलवावं लागतं. मी मागच्या खोलीत गेले, जिथे वारा नाही आणि खिडकीतून विहिरीची भिंत दिसते, आणि घरात सांगितलं की साडेनऊ ते एक दार बंद असलं की मी मुंबईला गेलेय असं समजा. सासूबाईंना ते फारच आवडलं, त्या लोकांना खरंच सांगतात, मुंबैक गेली हा.

आता ती एकतीस.

आमचे सासरे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, तोडणीला मुलांबरोबर उभे असतात आणि खालूनच सांगतात कुठला काढायचा, कुठला नाही. "हो चौदा आण्यार इलो, काढूक होयो." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हापूस झाडावर पूर्ण पिकू देत नाहीत. देठाजवळ खळगा पडला, खांदे वर आले, गडद हिरवा जरा उजळला की तो चौदा आणे तयार, घळाने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने, देठासकट काढायचा आणि आढीत घालायचा. उरलेले दोन आणे तो पेंढ्यात पिकतो. सोळा आण्यांची वाट बघत ठेवला तर एक तर पडतो, नाहीतर आत साका धरतो, वरून सोन्यासारखा आणि कापला की आत पांढरं, आंबट, भुसभुशीत. मी हे लग्न झाल्यापासून दरवर्षी ऐकतेय, पण त्या लेबलानंतरच्या मोसमात अण्णा हे वाक्य बोलले आणि मी घळ हातात धरून उभीच राहिले, वरून एक आंबा खांद्यावर आपटला.

तेव्हापासून काम चौदा आणे झालं की जातं. दिसतं मला, अजून एक शिर वाकडी आहे, अक्षर जरा जड झालंय, तरी जातं. सकाळी अकराच्या आत, आणि सोबत बिलपण, कारण वहीत बिलाच्या ओळी सगळ्यात जास्त होत्या. आपल्याकडे ओळखीच्यांकडून पैसे मागायची लाज हे एक वेगळंच प्रकरण आहे. मी एका ओळखीच्यांचं बिल चार महिने काढलं नव्हतं, ते शेवटी बिचारे स्वतःच विचारायला आले की आमचं काही चुकलं का. आता ड्राफ्टसोबत अर्ध्या पैशांचं बिल जातं. त्यात दोन ओळींच्या वर काही लिहायचं नाही असं ठरवलंय, तिसऱ्या ओळीत मी माफी मागायला लागते.

आणि तारीख मी स्वतः ठरवत नाही. स्वतःची तारीख स्वतःला कधीच खरी वाटत नाही. देवगड बंदरात बघा, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद म्हणजे बंद, 31 मेच्या रात्री कोणी म्हणत नाही की मूड नाही, जाळी दोन दिवसांनी ओढू. तारीख बाहेरून आलेली असते. एरिएली आणि वेर्टेनब्रोख या दोन संशोधकांनी 2002 साली छापलेल्या प्रयोगांतपण तेच निघालं, लोक स्वतःला तारखा घालून घेतात, त्याचा फायदापण होतो, पण बाहेरून ठरवून दिलेल्या तारखांइतका नाही. म्हणून मी गिऱ्हाइकालाच सांगते की बुधवारी अकराला तुम्ही मला फोन करा. मी करते म्हटलं की मी करत नाही. त्यांनी करायचा ठरला की पावणेअकराला माझी फाईल गेलेली असते, निव्वळ भीतीने.

सुटलं का सगळं? नाही. मागच्याच महिन्यात मी एका रिसॉर्टला रेट सांगायच्या ऐवजी माळ्यावरच्या सगळ्या बरण्या धुतल्या, लोणच्याच्यासुद्धा. फरक एवढाच की तिसऱ्या बरणीला कळलं काय चाललंय ते. उरलेल्या धुवून टाकल्या, ओल्या हातानेच रेट टाईप केला. त्यांनी हो म्हटलं, म्हणजे बहुतेक कमी सांगितला.

ते कोऱ्या पेट्यांवाले बागायतदार यंदा परत आले. मी लाजतच होते, पण त्यांनी तो विषय काढलाच नाही, तीनशे लेबलं हवीत म्हणाले. सोमवारी सांगितलं, मंगळवारी अकराच्या आत ड्राफ्ट गेला, एकच हिरवा, शिरा जशा आल्या तशा. त्यांनी फक्त फोन नंबर मोठा करायला सांगितला. कोल्हापूरहून छापून वेळेत आली. पेट्या भरायच्या दिवशी मी मुद्दाम बागेत बघायला गेले. चिकटवणाऱ्या पोराने निम्म्यांवर उलटी लावली होती, देठ खाली, नंबर डोक्यावर. मी तोंड उघडणार एवढ्यात टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

दोन दिवसांत माल उठला म्हणे.