हाफ मार्जिन

सकाळचे पावणेसात. वडोद्याच्या रावपुऱ्यातली आमची जिम पहिल्या मजल्यावर आणि तिच्या बरोबर खाली फरसाणवाला. त्या वेळेला फाफड्याचा पहिला घाणा कढईत पडलेला असतो. वर माणसं घाम गाळतायत आणि जिन्यातून ओव्याचा, तळलेल्या मिरच्यांचा वास चढतोय. निम्मी मंडळी उतरताना तिथेच थांबतात. मी थांबत नाही. रविवार सोडून.

याच सुमाराला तो मुलगा येतो. वीस-बावीसचा असेल, काडीपैलवान, कानात इअरफोन. आरशासमोर रॉड ठेवतो. रॉड २० किलोचा, दोन्ही बाजूंना २०-२०च्या प्लेटा, झाले ६०. मग इकडेतिकडे बघून दोन्हीकडे ५-५ आणखी. ७०. (बेरीज माझी आपोआप होते. बत्तीस वर्षं सरकारी ऑडिटमध्ये काढल्यावर माणूस भाजीवालीच्या टोपलीचीही बेरीज करतो.) मग तो वाकतो. आळस देणाऱ्या मांजरीसारखी त्याची पाठ गोल होते, टी-शर्ट वर सरकतो, कमरेचा काळा दोरा दिसतो आणि दोऱ्याच्या वरचे मणके एकेक करून मोजता येतात. मी मोजलेत. चार. मग एक हिसका, ‘हंऽऽ’ असा आवाज, आणि रॉड वर.

माझ्या जिभेवर वाक्य तयार असतं, ‘कंबर सरळ ठेव.’ तीन महिन्यांपासून तयार आहे.

मी जिममध्ये आले ती हौसेनं नव्हे. निवृत्तीनंतर हाडांची घनता तपासली, टी-स्कोअर आला उणे २.१. उणे २.५ला हाडं ठिसूळ झाली असं धरतात; म्हणजे दिवाळं निघालं नव्हतं, पण तूट पक्की होती. डॉक्टर म्हणाले, चालणं पुरणार नाही, वजन उचला. तर अट्ठावन्नाव्या वर्षी, सलवार-कमीजवर पांढरे बूट घालून मी रॉड उचलायला शिकले. तिथली मुलं मला ‘मासी’ म्हणतात. आता दुसऱ्याचं चुकलेलं दिसू नये, असे माझे डोळेच नाहीत. खात्यानं पगार त्याचाच दिला.

तुम्ही म्हणाल, सांगायला ट्रेनर असतो की. असतो ना. पण ‘पर्सनल’चे पैसे वेगळे भरलेत त्यांचे गुडघे, कोपरं, मान तो डोळ्यांत तेल घालून बघतो, बाकीच्यांसाठी त्याच्या हातात फोन असतो. त्यालाही दोष देत नाही. एका वेळी चाळीस पाठी कोण बघणार?

राहता राहिले आम्ही, एकमेकांचे अनोळखी.

मलाही एकदा सांगण्यात आलं होतं. पहिल्याच महिन्यात. साठीचे एक गृहस्थ, छातीवर कुठल्याशा मॅरेथॉनचं नाव, माझा स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन उठाबशा, चालू असताना समोर येऊन उभे राहिले. “बेन, गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये. कायमचे गुडघे जातील.” ‘कायमचे’वर असा जोर, की मी तिथल्या तिथे मान्य केलं. पुढे अडीच महिने गुडघे मागे आवळून, धड पुढे झुकवून, पडता पडता सावरत बसत-उठत होते. गुडघ्यांना काही झालं नाही. कंबर धरली.

भाची खेळाडूंची फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. व्हिडिओ कॉलवर तिला करून दाखवलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, मावशी, हे कुणी सांगितलं? २००३ साली हे मोजून झालंय. गुडघे बोटांच्या मागे रोखून धरले की गुडघ्यावरचा ताण थोडा कमी होतो खरा, पण तो जातो कुठे? खुब्यावर. आणि तिथे तो थोडाथोडका वाढत नाही, कैक पटींनी वाढतो. एका खात्यातली तूट दुसऱ्या खात्यात दडवायची, हा प्रकार मला लगेच कळला. असे कितीतरी पकडलेत.

पण चीड त्या गृहस्थांची नाही आली. माझीच आली. कारण आमच्या घरात आजोबा होते.

आजोबा दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरातले. सत्तरीतही पहाटे ओसरीवर बैठका काढायचे. बैठकीत टाचा उचललेल्या असतात, गुडघे तर बोटांच्या पार पुढे, आणि आजोबा खालीवर होताना शिवणयंत्राच्या सुईसारखे दिसायचे. मी शेजारी दूध पीत मोजायचे. (गुडघे त्यांचेही दुखत. पण आमच्या वाड्यात ते आयुष्यात एकही बैठक न काढलेल्यांचेही दुखत.) तालमीतली गोष्ट ते नेहमी सांगत. पहिले सहा महिने वस्तादांनी नुसती माती उकरायला लावली. मग जोर आणि बैठका. चुकलं की बोलणं नाही, वेताची छडी नेमकी चुकलेल्या जागी टेकायची. मारायची नाही, टेकायची. टाच, कोपर, हनुवटी. पुढे एका कुस्तीत आजोबांचा खांदा निखळला. ज्यांनी छडी टेकवली त्याच वस्तादांनी तो बसवला, आणि मग तीन आठवडे रोज संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या हातानं तेल लावलं. आजोबा छडीचा भाग भराभर सांगत आणि तेलाच्या भागाशी आले की रेंगाळत.

वडोद्यात हे नवलाचं नव्हतं. जुम्मादादांचे पट्टशिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव व्यायाम शिकवीत आणि मोडलेली हाडंही बसवीत. सयाजीरावांच्या या गावात शरीर हा गंभीर विषय होता. मुजुमदारांनी संपादलेला व्यायाम ज्ञानकोश इथूनच निघाला, एकदोन नव्हे, दहा खंड. त्यातला एक आमच्या माळ्यावर होता. लंगोट लावलेल्या, चेहऱ्यावर काही न दाखवणाऱ्या माणसांचे फोटो बघून आम्ही बहिणी तोंडं दाबून हसायचो. दहा खंड भरून जे गाव ‘असं करा’ सांगतं, त्या गावातली मी एका पोराला एक वाक्य सांगू शकत नाही.

की सांगू नये, हेच बरोबर? कमाटीबागेतल्या संग्रहालयात एक दगड आहे. गामा पैलवानानं तो २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलला, अशी त्यावर नोंद आहे; वजन १२०० किलो सांगतात. आजोबांनी मला दाखवला तेव्हा मी विचारलं होतं, कसा उचलला? आजोबा म्हणाले, “उचलला.” हे व्हाउचर माझ्या खात्यात पास झालं नसतं. पण तो वाकला तेव्हा त्याची पाठ गोल झाली होती का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि गर्दीतून कुणी ‘कंबर सरळ, गामाभाई’ म्हणाल्याचंही ऐकिवात नाही.

जिथे प्रश्नच पडत नाही अशी वेळ एकदाच आली. एक मुलगा एकटाच बेंच प्रेस करत होता, म्हणजे बाकावर उताणा पडून रॉड वर ढकलत होता, रॉडच्या दोन्ही टोकांना क्लिपा घट्ट. शेवटच्या खेपेला रॉड वर जाईना आणि छातीवर बसला. क्लिपा नसत्या तर रॉड एका बाजूला कलंडवून प्लेटा पाडता आल्या असत्या. आता त्याला तो ना उचलता येत होता, ना टाकता. चेहरा जांभळा, पाय हवेत. मी “अरे धावा रे!” असं शुद्ध मराठीत ओरडले. चार मशीनं ओलांडून दोघे गुजराती धावत आले. त्या दिवसानंतर त्याला मी सांगितलं, एकटा असलास तर क्लिपा लावू नकोस, आणि सांगताना मला कसलाही संकोच वाटला नाही.

संकोच बाकीच्यांचा. त्याला कारणही आहे.

दोन वर्षांपूर्वी एक नवी मुलगी यायला लागली. लग्न होऊन सहा महिने झालेली, हातातला चुडा अजून उतरला नव्हता. लॅट पुलडाउनचा, वरून खाली ओढायचा दांडा ती मानेमागे ओढायची, मान कासवासारखी पुढे काढून. मला राहवलं नाही. म्हटलं, समोर घे गं, छातीकडे. तिनं घेतला. चेहरा खुलला. मला त्या दिवशी फाफडे न खाताही पोटभर वाटलं.

दुसऱ्या दिवशी हाक आली, “मासी, बराबर छे?” मी बघितलं, मान हलवली. पुढच्या सेटला पुन्हा, “मासी, बराबर छे?” मग दुसऱ्या मशीनवर, मग तिसऱ्या. माझ्या बारा खेपा मोजता मोजता सहावर थांबून मी तिच्या बारा मोजायला लागले. पंधरा दिवसांत तिच्या सासूच्या साखरेचे आकडे मला पाठ झाले. महिन्यानं तिचा खांदा दुखला, तर रात्री नऊ वाजता फोन, “मासी, तुम्ही सांगितलं तसंच करते ना मी?” आवाजात तक्रार नव्हती. विश्वास होता, आणि त्यानंच मला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काही विशेष नव्हतं, झोपताना हात अवघडायचा. ती आता नवऱ्याच्या बदलीनं सुरतेला आहे. अजूनही रिपोर्ट पाठवते.

आमच्या खात्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पॅरा, म्हणजे हिशेबावरचा लेखी आक्षेप, काढणं सोपं. पण एकदा काढला की तो सेटल होईपर्यंत तुमचा. उत्तर आलं का, उत्तर पटलं का, वसुली झाली का; तुमची बदली झाली तरी फाईल तुमच्या नावानं हाक मारत राहते. म्हणून जुने लोक पॅऱ्याआधी ‘हाफ मार्जिन’ द्यायचे. कागद उभा दुमडायचा, एका अर्ध्यात आपली शंका लिहायची आणि दुसरा अर्धा कोरा सोडायचा. समोरच्याच्या उत्तरासाठी. माझे पहिले साहेब म्हणत, त्या कोऱ्या भागात लिहायला जागा पुरेल एवढंच आपल्या भागात लिहायचं. मला तेव्हा वाटे, कागद वाचवतायत.

त्या काडीपैलवानाबद्दल मी भाचीला विचारलं. वाटलं, ती म्हणेल लगेच थांबव. ती म्हणाली, पाठ थोडी वाकली की मोडलीच असं नसतं, गं. त्यावर आमच्यातच वाद आहेत. वजन कसं वाढवतोय ते बघ, घाईनं वाढवणारे जास्त अडकतात. आणि सांगायचंच असेल तर अवयवाचं नाव घेऊ नकोस. ‘कंबर सरळ’ म्हणालीस की तो कंबरेचा विचार करत बसेल आणि बाकी सगळं बिघडेल. ‘पायानं जमीन ढकल’ म्हण. १९९८ साली गाब्रिएले वुल्फ नावाच्या बाईंनी स्कीइंगसारख्या एका यंत्रावर लोकांना शिकवून पाहिलं. ज्यांना पायांकडे लक्ष द्या म्हटलं ते काहीच न सांगितलेल्यांपेक्षा पुढे गेले नाहीत. पायाखालच्या चाकांकडे लक्ष द्या म्हटलं, ते गेले.

म्हणजे बरोबर सांगूनही उपयोग शून्य, अशी एक सोय आहेच.

मागच्या सोमवारी मी एक युक्ती केली. तो प्लेटा चढवत होता. मी माझा स्क्वॉटचा रॉड लावला आणि त्याला खूण केली. त्यानं इअरफोन काढला. म्हटलं, “बेटा, जरा जोजे ने, माझी कमर नीट राहते का?” अर्धं गुजराती, अर्धं मराठी, वडोद्यात जन्म गेला की तोंडात हीच भेळ होते. बेत असा, की तो म्हणेल हो, मग सहज म्हणेल, मासी, आणि माझी? पुढचं वाक्य तर तयारच होतं. जमीन ढकल.

तो माझ्या बाजूला चक्क उकिडवा बसला. गंभीर चेहऱ्यानं बघितलं. “फरी करो.” पुन्हा केलं. तो दुसऱ्या बाजूला गेला. “हजी एक वार.” तिसऱ्यांदा केलं. मांड्या थरथरायला लागल्या होत्या.

“मासी, कमर तो बराबर छे,” तो म्हणाला. “पण तमारी डाबी एडी ऊंची थाय छे.”

मी आरशात पाहिलं. खरंच, खाली बसले की डावी टाच बूटासकट बोटभर वर. तीन वर्षांत मला दिसली नव्हती, मॅरेथॉनवाल्यांना दिसली नव्हती, व्हिडिओ कॉलवर भाचीला दिसली नव्हती. तो गेला, अडीच किलोच्या दोन प्लेटा घेऊन आला, वाकून माझ्या टाचांखाली सरकवल्या आणि म्हणाला, आता करा. बसले. लोण्यात सुरी जावी तशी बसले. घोटा आखडला असेल म्हणाला, रोज भिंतीला पाय लावून ताणा. मग इअरफोन कानात घालून निघून गेला. त्याच्या कंबरेचा विषय निघालाच नाही.

मंगळवारी आला तो आल्या आल्या आधी माझ्या पायांकडे बघितलं. बुधवारी लांबूनच, दोन मशीनांच्या पलीकडून, हातानं विचारलं, ताणलं का? मी नव्हतं ताणलं. ताणलं म्हणून मान हलवली. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

काल त्यानं ७५ लावले होते. मांजर तशीच. मी रात्री स्वयंपाकघराच्या भिंतीला पाय लावून, एक हात ओट्यावर टेकवून, तीस आकडे मोजले. डाव्या घोट्यात कळ आली.